चाकांचा वाद

गेल्या वर्षी ऐन गणपतीत माझी भाची मृदुला आमच्याकडे आली, ती रडवेल्या चेहऱ्याने. ती इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या यंत्रमानव-संघात गाडीचा सांगाडा आणि चाके तिच्याकडे सोपवलेली.

"मामा, चाकांवरून भांडण झालं. सागर वर्कशॉपमध्ये यायचाच बंद झालाय."

चाकांवरून भांडण! मला हसू आले. पण तिच्याकडे पाहून ते मी गिळले. "मराठीच्या मास्तराला समजेल असं सांग," मी म्हटले. तिने स्वयंपाकघरातून पोळपाट आणला आणि माझी शिकवणी सुरू झाली.

पहिला प्रकार सर्वांत साधा. डावीकडची चाके एका मोटारीवर, उजवीकडची दुसरीवर. वळायचे तर एक बाजू थोपवायची, दुसरी पळवायची. गाडीवान एक बैल आवरून दुसरा हाकतो, तसेच. स्वस्त आणि दणकट. पण ही गाडी आडवी सरकत नाही. सहा चाके असली तर मधली दोन किंचित खाली बसवतात, म्हणजे वळताना टोकाची चाके फार घासत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात चाकाच्या परिघावरच छोटे रोलर असतात. अशी तीन चाके 120 अंशांवर बसवली की तोंड न फिरवता गाडी हवी तिकडे जाते. "आणि हा पोळपाट बघ. तीन पायांचा म्हणून डुगडुगत नाही. तीन चाकं नेहमी जमिनीवर टेकतात."

तिसरे मेकॅनम. बेंग्ट इलॉन या स्वीडिश इंजिनियरने 1970च्या दशकात काढलेले. यात रोलर 45 अंशांत तिरपे. चाल देखणी, पण रेट्यातला काही भाग वाया जातो आणि चारांतले एक चाक जरा उचलले की गाडी वाकडी जाते. त्यांची मागची गाडी भर मैदानात अशीच वाकडी गेली होती.

चौथा प्रकार स्वर्व्ह. प्रत्येक चाक फिरवायला एक मोटार, वळवायला दुसरी. चार चाकांना आठ मोटारी! चपळ आणि जोरदार. पण खर्चिक, आणि आठही मोटारींचा ताळमेळ राखणारा प्रोग्राम हवा. सागरला हीच हवी होती. मृदुलाला तीन चाकांची.

"मग चांगली कोणती?" मी विचारले.

"खेळावर आहे, मामा." अमेरिकेत डीन केमेन यांनी 1989 साली स्थापन केलेल्या 'फर्स्ट' संस्थेच्या स्पर्धा 1992पासून होतात. तिथे शाळकरी मुलांची यंत्रे एकमेकांना रेटतात. म्हणून पकड घट्ट हवी. अलीकडे तिथल्या आघाडीच्या बहुतेक संघांनी स्वर्व्हच पत्करली आहे. आशिया-पॅसिफिकमधली रोबोकॉन 2002 साली टोकियोत सुरू झाली. तिथे रेटारेटीपेक्षा वेग आणि अचूकपणा महत्त्वाचा. 2008 साली ती पुण्यात भरली, तेव्हा खेळाचा विषय चक्क दहीहंडी होता!

मी म्हटले, "सागरची चूक काय मग?"

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "चूक नाही. पण पैसे आमच्याच घरांतून आलेत. बाबांनीही दिलेत. आणि ऐन सामन्यात मोटार बिघडली तर दुरुस्त करायला मिनिटं असतात, दिवस नाहीत."

"हे त्याला सांगितलंस?"

"मी फक्त म्हटलं, तुला जमणार नाही."

चाकांचे भांडण चाकांचे नव्हतेच, वाचकहो! शब्दांचे होते, आणि तो विषय माझा. "जा, त्याला सांग की चूक त्याची नाही," एवढेच मी सुचवले.

ती गेली. सागर परतला. उन्हाळ्यात तीन चाकांची गाडी स्पर्धेत उतरली. दुसऱ्या सामन्यात एक मोटार बंद पडली. ती बदलली सागरने, आणि गाडी पुढच्या फेरीला वेळेवर उभी राहिली. मुले जिंकली नाहीत. त्यांना हरवणारी गाडी स्वर्व्हची होती, आणि ती खरोखरच सुंदर चालत होती, हे मृदुलाने स्वतःच सांगितले.

यंदाच्या गणपतीत दोघेही आरतीला आली. प्रसाद खाऊन होतो न होतो, तोच सागरने माझी पेपर तपासण्याची लाल पेन्सिल उचलली आणि जुन्या वर्तमानपत्रावर आठ मोटारी काढल्या. मृदुला खर्चाचे आकडे मांडू लागली.

"आता पुन्हा भांडणार वाटतं?" सौ.ने आतून विचारले.

"भांडू देत," मी म्हटले. "आता त्यांना भांडता येतं."