दहा डॉल्फिन दिसले, की एकच डॉल्फिन दहा वेळा? समुद्रातले प्राणी मोजतात तरी कसे?

तारकर्लीला किंवा दापोलीकडे डॉल्फिन बघायला गेला असाल, तर हा प्रसंग ओळखीचा वाटेल. होडीवाले दादा इंजिन बंद करतात, 'तो बघा, तो बघा' म्हणतात आणि आपण मोबाइल काढेपर्यंत पाठ पाण्याखाली गेलेली असते. दोन मिनिटांनी पलीकडे आणखी एक पाठ दिसते. तासाभरात असं आठ-दहा वेळा होतं. किनाऱ्यावर परतल्यावर कुणीतरी फोनवर सांगत असतं, "अरे, दहा डॉल्फिन पाहिले आम्ही!"

पण ते खरंच दहा होते, की तिघंच पुन्हा पुन्हा वर येत होते?

प्रश्न गंमतीचा वाटतो, पण समुद्री सस्तन प्राण्यांचा बराचसा अभ्यास त्यावरच उभा आहे. किती प्राणी आहेत हेच माहीत नसेल, तर ते वाढतायत की संपत चाललेत हे कळणार कसं? या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर शोधण्यात अमेरिकेतल्या एका छोट्याशा कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे.

आधी काय करायचे?

ऐकायला विचित्र वाटेल, पण देवमाशाचा प्रवास कळायला आधी देवमासा मरावा लागायचा. १९३० च्या दशकापासून संशोधक देवमाशांच्या अंगात नंबर कोरलेली धातूची नळी बंदुकीने मारत. पुढे कधीतरी तोच देवमासा शिकाऱ्यांच्या जहाजावर कापला गेला आणि नळी सापडली, तर तो कुठून कुठे गेला हे समजायचं. म्हणजे माहिती हवी तर शिकार चालू राहायला हवी! १९७० च्या दशकात शिकारीविरोधात जगभर आवाज उठू लागला, तेव्हा जिवंत प्राणी ओळखण्याची दुसरी पद्धत शोधणं भागच होतं.

शेपटीवरची ओळख

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या बार हार्बर गावात 'कॉलेज ऑफ द अटलांटिक' १९७२ मध्ये सुरू झालं. पहिल्या वर्गात विद्यार्थी होते अवघे ३२. त्याच वर्षी तिथे समुद्री सस्तन प्राण्यांच्या अभ्यासाचा 'अलाइड व्हेल' हा गट स्थापन झाला. जीवशास्त्राचे प्राध्यापक स्टीव्हन कटोना आणि त्यांचे विद्यार्थी हंपबॅक जातीच्या देवमाशांचे फोटो जमवू लागले. हे फोटो तोंडाचे नव्हते, शेपटीचे होते.

शेपटीच का? माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. देवमासा मासा नाहीच (नावात असला तरी). त्याची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. हंपबॅक खोल बुडी मारतो तेव्हा शेपटी पाण्याबाहेर येते आणि मागे असलेल्या होडीला तिची खालची बाजू स्वच्छ दिसते. या बाजूवर काळ्या-पांढऱ्या रंगाची नक्षी असते. ती प्रत्येकाची वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. शिवाय शेपटीच्या कडेचे खाचे, जुने ओरखडे, शिकारी ऑर्कांच्या दातांचे व्रण असतातच. पिल्लांची नक्षी सुरुवातीची काही वर्षं बदलू शकते, एवढी एक अडचण आहे.

याच सुमारास इतर काही संशोधकांच्याही हे लक्षात येत होतं. पण बार हार्बरच्या मंडळींनी फोटो एकत्र करून सूची बनवायला घेतली, आणि ती सोडली नाही. उत्तर अटलांटिक महासागरातल्या हंपबॅकच्या या सूचीत आज १०,००० हून जास्त देवमासे आहेत.

हे काम पहिली कित्येक वर्षं निव्वळ डोळ्यांनी चाललं. नवा फोटो आला की विद्यार्थी तो जुन्या फोटोंशी एकेक करून ताडून पाहायचे. मी हा लेख लिहिताना इंटरनेटवर सहा शेपट्यांच्या जोड्या लावून पाहिल्या. दोन चुकल्या. आता संगणक हे काम काही सेकंदांत करतो, पण त्याला शिकवायला जे फोटो लागले, ते असेच वर्षानुवर्षं जमवलेले.

मग आकडा कसा निघतो?

सगळे देवमासे मोजायची गरज नसते. समजा, गावच्या जत्रेत तुम्ही सकाळी ५० लोकांचे फोटो काढले. संध्याकाळी आणखी ४० लोकांचे काढले आणि त्यातले १० चेहरे सकाळचेच निघाले. म्हणजे संध्याकाळच्या गर्दीत चौघांमागे एक जण तुमच्या सकाळच्या यादीतला आहे. मग सकाळचे ५० लोक हेही एकूण गर्दीच्या साधारण पाव असणार. म्हणजे जत्रेत अंदाजे २०० लोक.

हेच गणित समुद्रात चालतं, फक्त अटी जास्त असतात. मधल्या काळात कुणी जन्मतो, कुणी मरतो, कुणी दुसरीकडे निघून जातो. हे सगळं धरून १९९२-९३ मध्ये अनेक देशांनी मिळून उत्तर अटलांटिकमध्ये मोठी मोहीम केली. तिच्यातून हंपबॅकची संख्या सुमारे १०,६०० असल्याचा अंदाज निघाला.

कधी कधी एकच फोटो मोठा धक्का देतो. १९९९ मध्ये ब्राझीलजवळ फोटो काढलेली एक हंपबॅक मादी २००१ मध्ये थेट मादागास्करला दिसली होती. अंतर किमान ९,८०० किलोमीटर. मादागास्करचा फोटो एका पर्यटकाचा होता, 'फ्लिकर' या साइटवर पडून राहिलेला! बार हार्बरलाच सांभाळल्या जाणाऱ्या दक्षिण गोलार्धाच्या सूचीशी तो जुळला आणि २०१० मध्ये शोधनिबंध आला.

दीपगृहावरचा उन्हाळा

किनाऱ्यापासून साधारण ४० किलोमीटर आत 'माउंट डेझर्ट रॉक' नावाचा खडक आहे. नावाला बेट. झाड नाही, वस्ती नाही, फक्त एक जुनं दगडी दीपगृह. ते आता कॉलेजचं संशोधन केंद्र आहे. उन्हाळ्यात विद्यार्थी तिथे राहतात, दीपगृहावर पाळ्या लावून समुद्र न्याहाळतात आणि खडकावर येणारे सील मोजतात. (आपल्याकडे सील नाहीत. थंड पाण्यातला हा प्राणी भारताच्या किनाऱ्यावर राहत नाही.)

यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. धुकं आहे, दिवसभर काहीच दिसलं नाही, तरी वहीत तशी नोंद करायची. किती तास पाहिलं आणि किती दिसले, हे दोन्ही माहीत असल्याशिवाय यंदाच्या आकड्याची गेल्या वर्षीशी तुलनाच करता येत नाही.

दोरीचे वळ

मेनमध्ये लॉबस्टरची मासेमारी हा हजारो कुटुंबांचा धंदा आहे. तळाशी पिंजरा, वर तरंगणारी खूण आणि मध्ये उभी दोरी. देवमासे याच दोऱ्यांत अडकतात. सुटले तरी शेपटीच्या बुडाशी वळ राहतात, आणि ते फोटोत दिसतात. याच पाण्यात येणाऱ्या 'राइट व्हेल' या जातीचे ४०० हून कमी प्राणी उरलेत. फोटोंच्या नोंदींवरून कळतं, की त्यातल्या ८५ टक्क्यांहून अधिक प्राण्यांना एकदा तरी दोरीचा फास बसलेला आहे.

साहजिकच दोऱ्या कमी करा, देवमाशाच्या ओढीने तुटेल अशी कमजोर दोरी वापरा, असे नियम आले. मच्छीमारांचं म्हणणं, आमच्याच दोऱ्या कशावरून? वाद कोर्टात आणि संसदेत गेला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने लॉबस्टर मासेमारीवरचे नवे नियम २०२८ अखेरपर्यंत थांबवले. मच्छीमारांचा प्रश्न खोटा नाही. फासाचा वळ दिसतो, पण दोरी कुठली होती हे बहुतेक वेळा फोटो सांगत नाही.

आणि कोकणात?

आपल्या किनाऱ्यालगत जो डॉल्फिन सर्रास दिसतो, तो हिंदी महासागरातला हंपबॅक डॉल्फिन. हंपबॅक देवमाशाशी त्याचं फक्त नावाचं साम्य. सिंधुदुर्गातले मच्छीमार त्याला 'गादा रेडा' म्हणतात. आंतरराष्ट्रीय यादीत तो धोक्यातली जात म्हणून नोंदवलेला आहे. त्याची शेपटी क्वचितच नीट दिसते, म्हणून पाठीवरच्या पराचा फोटो घेतात. पराच्या मागच्या कडेला पडलेले खाचे ही त्याची ओळख. फ्लोरिडातल्या सारासोटा खाडीत १९७० पासून बॉटलनोज डॉल्फिनांचा अभ्यास चालू आहे. तो आज चालवणारे रँडल वेल्स तेव्हा शाळकरी स्वयंसेवक म्हणून त्यात आले होते.

सिंधुदुर्गातही तरुण संशोधकांनी होडीतून असे सर्वेक्षण केले आहेत. पण गढूळ पाणी, पावसाळ्यात बंद होणारा समुद्र आणि मुख्य म्हणजे दोन-तीन वर्षांत संपणारे प्रकल्प, यामुळे सलग ५० वर्षांची नोंद आपल्याकडे नाही. जाळं फाडतो म्हणून गादा रेड्यावर चिडलेले मच्छीमार आणि त्याच्याच जिवावर पर्यटकांना फिरवणारे होडीवाले, अनेकदा एकाच घरातले असतात.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे आधीच सुरू आहे. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात संरक्षित समुद्री प्राणी जाळं कापून सोडला, तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ द्यावा लागतो. म्हणजे कॅमेरा होडीवर पोहोचलेला आहे. सुटलेल्या डॉल्फिनचा पर एका बाजूने सरळ टिपला, ऊन आपल्या पाठीमागून येत असलं आणि सोबत तारीख, वेळ, ठिकाण लिहिलेलं असलं, तर तोच फोटो संशोधकाच्या सूचीतही चालू शकतो. पर्यटकाच्या मोबाइलमधलाही चालेल, फक्त होडीवाल्या दादांना 'अजून जवळ घ्या' असं म्हणू नका. लांबून झूम केलेला चालतो.