सोनागाचीची पतसंस्था आणि एचआयव्ही

एचआयव्हीच्या प्रतिबंधाचा विषय निघाला की डॉक्टर, औषधे आणि भित्तिपत्रके डोळ्यांसमोर येतात. या कामी पतपुरवठ्याचेही महत्त्व किती आहे, हे कोलकात्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीने दाखवून दिले. आयुष्य बँकेत घालविलेल्या माझ्यासारख्यास ही हकीकत विशेष उद्बोधक वाटते.

१९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांच्या नेतृत्वाखाली तेथे आरोग्यप्रकल्प सुरू झाला. प्रचारासाठी वस्तीतील स्त्रियांनाच प्रशिक्षण देण्यात आले. निरोधचे महत्त्व त्यांना पटत होते. परंतु सावकाराचे चढे व्याज डोक्यावर असताना निरोध नाकारणाऱ्या गिऱ्हाइकास परत पाठविणे परवडत नव्हते. बँकेत खाते उघडणेही त्यांना दुरापास्त होते.

म्हणून १९९५ मध्ये त्यांनी ‘उषा’ ही स्वतःची सहकारी संस्था स्थापन केली. नोंदणीत ‘गृहिणी’ लिहावे, ही सूचना त्यांनी अमान्य केली. आपला व्यवसाय लपवून मिळणारी पत त्यांना नको होती. अखेर सभासदांच्या चारित्र्याविषयीची कायद्यातील अडचण शासनाला दूर करावी लागली. बचत आणि रास्त व्याजाचे कर्ज हाती आल्यावर ‘नाही’ म्हणण्याचे बळ आले. निरोधचा वापर, जो प्रारंभी नगण्य होता, तो दशकाअखेर बहुसंख्य स्त्रियांच्या अंगवळणी पडला.

उपचारांबाबतही हेच सूत्र लागू पडते. २००४ पासून शासकीय एआरटी केंद्रांत औषधे विनामूल्य मिळतात. ती रोज, आजन्म घ्यावी लागतात. नियमित घेतल्यास रक्तातील विषाणू तपासणीत न सापडण्याइतके कमी होतात आणि तसे टिकल्यास लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. खंड पडल्यास मात्र विषाणू औषधांना दाद देईनासे होतात. हा खंड पुष्कळदा निष्काळजीपणामुळे नव्हे, तर रजा मिळत नाही, गोळ्या कोणी पाहील, नोकरी जाईल, या धास्तीने पडतो.

येथे व्यापारी कुटुंबांचा संबंध येतो. आपल्या दुकानांत, गोदामांत अनेक माणसे राबतात. २०१७ च्या कायद्यानुसार नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही आणि केवळ संसर्गाच्या कारणाने कोणास कामावरून अन्याय्यपणे दूर करता येत नाही. पण कायद्याच्याही पुढे जाणे आपल्या हाती आहे. दवाखान्यासाठी मागितलेली रजा, कारण न विचारता आणि पगार न कापता द्यावी. ताळेबंदात तो खर्च नजरेतही भरणार नाही. एका माणसाचे औषध मात्र अखंड चालू राहील.