पास संपतो त्या महिन्यात

टी.वाय.चा शेवटचा पेपर होतो आणि त्याच सुमारास एसटीचा पासही संपतो. पेपरची तारीख घरात सगळ्यांना पाठ असते, पासाची कुणालाच नसते. विद्यार्थ्याला एसटीच्या पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्सा भरून तो महिनाभर ये-जा करतो. तोच मुलगा जूनमध्ये कामाच्या शोधात त्याच तालुक्याच्या गावी निघाला, की त्याच रस्त्याला पूर्ण तिकीट पडतं. मुलींना मार्च २०२३ पासून सर्व महिलांसाठीची अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, तेवढाच आधार. पगाराचा पत्ता नसताना प्रवास महाग होतो. वसतिगृहातली खोली, ग्रंथालयाचं कार्ड आणि शिष्यवृत्तीचे चार पैसेही त्याच उन्हाळ्यात हातचे जातात.

तालुक्याच्या महाविद्यालयात बावीस वर्षं शिकवताना हे मी दरवर्षी पाहत आलो आहे. आपण मुलांना विचारत राहतो, ‘पुढे काय?’ त्या प्रश्नाचं उत्तर एकविसाव्या वर्षी नसलं तरी बिघडत नाही. बिघडतं ते दुसरीकडेच. विद्यार्थी असताना नुसत्या ओळखपत्रावर होणारी कामं नंतर प्रतिज्ञापत्रं आणि हेलपाटे मागू लागतात. म्हणून शेवटच्या सत्रातला काही वेळ या कामांसाठी राखून ठेवा, असं मी वर्गात अगदी आग्रहानं सांगतो.

सुरुवात नावापासून. दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि विद्यापीठाची गुणपत्रिका एका टेबलावर पसरायची आणि पाचही ठिकाणी नाव अक्षर-अक्षर जुळवून पाहायचं. कुठे आडनाव आधी असतं, कुठे शेवटी. कुठे वडिलांच्या नावापुढचा ‘राव’ गळलेला असतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ जास्त झालेला असतो. मुलगा महाविद्यालयात आहे तोवर कार्यालयामार्फत अर्ज गेला, की अशी चूक बहुधा सहज सुधारते. पदवीचं प्रमाणपत्र छापून हातात आल्यावर तीच चूक माणसाला विद्यापीठाच्या गावापर्यंत फिरवते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा सर्वस्वी तिचा निर्णय. पण बदललंच, तर विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली प्रसिद्धी या दोन कागदांच्या प्रती पदवीच्या कागदांसोबतच ठेवाव्यात. पाच-सात वर्षांनी नोकरीसाठी अर्ज करताना, गुणपत्रिकेवरची मुलगी आणि समोर उभी असलेली बाई एकच आहे, हे सिद्ध करताना रडकुंडीला आलेल्या विद्यार्थिनी मी पाहिल्या आहेत.

दुसरा कागद जात वैधता प्रमाणपत्राचा. त्यासाठी अर्ज करताना कारण दाखवावं लागतं. शिक्षणासाठी हवं असेल तर महाविद्यालयाचं पत्र, नोकरीसाठी हवं असेल तर निवडीचं किंवा नियुक्तीचं पत्र. म्हणजे शिक्षण सुटलं आणि नोकरी लागली नाही, या मधल्या काळात कारण दाखवणंच अवघड होऊन बसतं. वैधता एकदा मिळाली की ती आयुष्यभराची असते. ज्यांच्या घरात ती अजून कुणाकडेच नाही, त्यांनी पणजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा शोध विद्यार्थी असतानाच घ्यायला लागावं. या एका कामाला कधी कधी महिनेच्या महिने जातात.

एटीकेटीचं मी फार लांबवत नाही. पहिल्या वर्षाचा एक विषय राहिला असेल, तर तिसऱ्या वर्षाचे सगळे पेपर सुटूनही पदवी मिळत नाही, एवढंच. घरी हे लपवू नये. मुलाला सगळ्यात जास्त मदत लागते ती नेमकी याच वेळी.

निकालाबद्दल मात्र पालकांना माहिती हवी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. विद्यार्थी पात्र ठरल्यापासून १८० दिवसांत पदवी प्रदान व्हावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे. पदवीदान समारंभ मागाहून होतो. तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र अर्ज करून घेता येतं आणि ते बहुतेक ठिकाणी चालतं. पदवी डिजिलॉकरमध्ये आली असेल तर तीही वैध कागद म्हणून धरली जाते. मूळ गुणपत्रिका मात्र कुणाच्याही ताब्यात द्यायची नाही. वर्ष-दोन वर्षं सोडून जाऊ नये म्हणून काही ठिकाणी रुजू होतानाच मूळ कागद ठेवून घेतात. माझ्या एका विद्यार्थ्याचे असे अडकलेले कागद सोडवायला मी स्वतः दोनदा त्याच्याबरोबर गेलो होतो. दाखवायला मूळ प्रत, द्यायला स्वतः साक्षांकित केलेली, हे मुलांच्या अंगी बाणलं पाहिजे.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता आणखी एक प्रश्न येतो, तीन वर्षांनी बाहेर पडायचं की चौथं वर्ष ऑनर्सचं करायचं? चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करता येतं, म्हणजे एकूण वर्षं तेवढीच. संशोधनाकडे कल असेल तर चौथं वर्ष जरूर करावं. नुसता निर्णय पुढे ढकलायला म्हणून करू नये.

आता पहिल्या पगाराकडे वळतो. पदवीधरांसाठी शिकाऊ उमेदवारीची सोय आहे आणि ती आमच्या बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना ठाऊकच नसते. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा १९७३ मध्ये पदवीधर आणि पदविकाधारक अभियंत्यांना लागू झाला आणि पुढे इतर शाखांच्या पदवीधरांसाठीही त्याची दारं उघडली. पश्चिम विभागाचं प्रशिक्षण मंडळ मुंबईत शीवला आहे आणि नोंदणी घरबसल्या होते. वर्षभर विद्यावेतन मिळतं आणि शेवटी प्रमाणपत्र. ‘अनुभव आहे का?’ या प्रश्नाला द्यायचं पहिलं उत्तर यातून तयार होतं.

पगाराची पावती पहिल्यांदा हातात आली की मुलं गोंधळतात. नेमणूकपत्रावर वर्षाचा आकडा मोठा असतो आणि खात्यात जमा झालेली रक्कम लहान. त्यातली मोठी कपात भविष्यनिर्वाह निधीची. साधारणपणे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के आपले, तेवढेच मालकाचे. मालकाच्या हिश्श्यातून ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात. नोकरी बदलली की मुलं हा पैसा काढून मोबाइल घेतात. तसं करू नये. खाते क्रमांक आयुष्यभर एकच राहतो, जुनी रक्कम त्यातच वर्ग करून घ्यावी. सेवेची दहा वर्षं भरली तरच पेन्शनचा हक्क येतो आणि ती वर्षं या तुकड्यांची बेरीज होऊनच भरतात.

दुसरी कपात लहान, दरमहा २०० रुपयांची. फेब्रुवारीत ती ३०० होते आणि वर्षाचे २,५०० भरतात. हा व्यवसाय कर. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या मासिक पगारावर तो माफ आहे. या २०० रुपयांची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खोदणाऱ्या लाखो हातांना काम दिलं. त्या रोजगार हमीसाठी कायमचा पैसा उभा राहावा म्हणून १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर हा कर बसवला गेला. माझ्या वर्गातल्या कित्येकांच्या आज्या त्या कामांवर होत्या. त्यांची नातवंडं पुण्याच्या कचेरीत बसून तो कर भरतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि आता ‘तयारी’. आमच्याकडे हा शब्द एकटाच वापरतात. ‘काय करतो?’ ‘तयारी करतो.’ कसली ते विचारावं लागत नाही. निकालानंतर मुलं पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, शास्त्री रस्ता या भागात जातात. कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा आणि चोवीस तास उघडी अभ्यासिका. गावाकडे बाप सोयाबीनच्या पट्टीतून दरमहा पैसे पाठवतो. मी या परीक्षांच्या विरोधात नाही. माझे दोन विद्यार्थी आज तहसील कार्यालयांत आहेत आणि गावाला त्यांचा अभिमान आहे. पण राज्यसेवेला खुल्या गटात ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत बसता येतं. उशिरा संधी मिळणाऱ्या ग्रामीण मुलांना ही सवलत उपयोगी पडते. तिचाच अर्थ काही मुलं ‘अजून वेळ आहे’ असा लावतात आणि पंचविशी, तिशी कधी सरली ते त्यांना कळत नाही. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. बहुपर्यायी प्रश्नांवर पाच-पाच वर्षं घासलेल्यांना पुन्हा लिहायला शिकावं लागलं.

हुशार मुलगा लगेच स्थिरावतो, असा आपल्याकडे एक समज आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८६२ मध्ये बी.ए. होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत न्या. रानडे आणि रामकृष्णपंत भांडारकर होते. भांडारकर हैदराबाद-सिंध आणि रत्नागिरी इथल्या शाळांत मुख्याध्यापक झाले. रानड्यांनी एम.ए. केलं, कायदा केला, मग मराठी भाषांतरकार, अक्कलकोटला कारभारी, कोल्हापूरला न्यायाधीश, एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक असा प्रवास केला आणि १८७१ मध्ये ते पुण्यात न्यायाधीश म्हणून आले. पदवीनंतर नऊ वर्षं. पण त्या नऊ वर्षांत ते कुठे ना कुठे कामावर होते, आणि मी मुलांना तेवढंच दाखवतो. परीक्षा द्या, पण सोबत सकाळची शिकवणी घ्या, सीएच्या कचेरीत अर्धवेळ बसा, दूरस्थ एम.ए.ला नाव घाला. बायोडेटावरचं वर्ष कोरं सोडू नका.

मुलींना ही वर्षं मिळतातच असं नाही. निकालाच्या आधी स्थळं यायला लागतात. काही घरांत मी स्वतः जाऊन बसलो आहे, चहा घेतला आहे आणि ‘दोन वर्षं द्या तिला’ एवढंच मागितलं आहे. कधी मिळाली, कधी नाही. ज्यांना मिळाली त्यांतली एक आज सहकारी पतसंस्थेची शाखा सांभाळते आणि तिच्या धाकट्या बहिणीला ती दोन वर्षं कुणाला मागावीच लागली नाहीत.

गेल्या काही वर्षांपासून मी मार्चमध्ये एक काम करायला लागलो आहे. तयारीला जाणाऱ्या मुलाला सांगतो, आई-वडिलांना घेऊन ये. आम्ही चौघं ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसतो. दरमहा किती पैसे लागतील, ते कुठून येतील, किती प्रयत्न करायचे आणि कोणत्या तारखेला पुन्हा एकत्र बसून ठरवायचं, हे एका कागदावर लिहितो. बाप बहुतेकदा गप्प असतो. आकडा लिहिताना आई पदराशी चाळा करते. मुलगा मान खाली घालून तारीख सांगतो आणि तारीख लिहून झाली की खोलीतली हवा जराशी हलकी होते. पत्र्याच्या कपाटातल्या माझ्या खणात आज अशा अकरा चिठ्ठ्या आहेत. त्यांतल्या तीन तारखा येत्या डिसेंबरच्या आहेत. नाताळच्या सुट्टीत मी त्या वेळी गावातच राहणार आहे, हे तिन्ही घरांना कळवून ठेवलं आहे.