शहापूरची गुळवेल : पोत्यातून पाकिटात

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात गुळवेल कुंपणांवर, आंब्यावर, कडुनिंबावर चढलेली दिसते. हृदयाकृती पान, सहज सुटणारी पातळ साल, फांद्यांवरून खाली लोंबणारी बारीक मुळे आणि आडव्या कापावर दिसणारे चाकाच्या आऱ्यांसारखे नक्षीकाम, एवढ्यावर जाणता माणूस ती ओळखतो. दळल्यावर यांतली एकही खूण उरत नाही. हाती येते ती भुरकट, कडू भुकटी, आणि तिची सगळी ओळख पाकिटाला सांगावी लागते. शहापूरच्या कातकरी तरुणांच्या गुळवेल व्यवसायाचा मागोवा म्हणूनच मुख्यतः पाकिटाचा मागोवा ठरतो.

कातकऱ्यांचे नावच खैरापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले. तो धंदा गेल्यावर कोळसा पाडणे, वीटभट्टी आणि मजुरी वाट्याला आली. वनोपज गोळा होत राहिले, पण ते पोत्यात भरून वजनावर व्यापाऱ्याकडे जाई. माल कोणी आणला, कुठल्या रानातला, याला तिथे किंमत नव्हती. तानसा अभयारण्यासारख्या संरक्षित भागात तर व्यापारासाठी वनोपज काढण्यावर वन्यजीव कायद्याची बंधने आहेत. त्यामुळे बांधावरची आणि गावाभोवतीची गुळवेल अधिकच मोलाची.

14 एप्रिल 2018 रोजी पंतप्रधान वनधन योजना सुरू झाली. वीस-वीस सभासदांचे पंधरा बचत गट मिळून तीनशे जणांचे एक केंद्र, अशी तिची रचना. गोळा केलेल्या मालावर गावातच प्रक्रिया करून तो विकावा, हा हेतू. शहापुरात आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेमार्फत असे केंद्र उभे राहिले. सुनील पवार या कातकरी तरुणाने दहा-बारा मित्रांना घेऊन गुळवेलीचे काम आधीच हाती घेतले होते.

काम दिसते तितके सोपे नाही. वेल मुळापासून उपटली तर पुढच्या वर्षी हाती काहीच लागत नाही. म्हणून बुंधा राखून खोड तोडायचे, तुकडे करायचे आणि आठ-दहा दिवस सावलीत वाळवायचे. तुकडा आतून ओलसर राहिला तर भुकटीला बुरशी धरते, मग पाकीट कितीही देखणे असो. वाळलेला माल शहापुरात दळला जाई, तिथेच भरला जाई आणि त्यावर लेबल चिकटवले जाई. लेबल लावण्याचे हे शेवटचे काम कातकऱ्यांच्या हाती येणे, हाच या सगळ्या वाटचालीतला खरा बदल आहे.

2020 च्या टाळेबंदीत काढ्याला आणि गुळवेलीला एकदम मागणी आली. 2021 मध्ये केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार डाबर, हिमालय आणि भूमी या कंपन्यांकडून शहापूरच्या या गटाला 1.57 कोटी रुपयांच्या मागण्या मिळाल्या. रोजगाराच्या दृष्टीने हे मोठे यश. ओळखीच्या दृष्टीने मात्र ते अर्धेच, कारण घाऊक माल कंपनीच्या डबीत गेला की शहापूरचे नाव संपते. ट्रायफेड या केंद्र सरकारच्या आदिवासी विपणन संस्थेच्या ‘ट्राइब्स इंडिया’ दुकानांतून आदिवासींचा माल ग्राहकापर्यंत जातो, तिथे निदान तो कोणाचा हे सांगायला जागा असते.

2021 मध्येच पाकिटावरच्या मजकुराची कसोटी लागली. गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताचा त्रास झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, असा प्रश्न आयुष मंत्रालयाने उपस्थित केला. वाद पुढे चालू राहिला, पण भुकटी विकणाऱ्यासाठी धडा स्पष्ट होता. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांक लागतो, तो याचसाठी. शिवाय वजनमापाच्या नियमांनुसार निव्वळ वजन, किंमत व उत्पादकाचा पत्ता येतो, आणि 1954 चा जादुई उपचारविरोधी कायदा ठरावीक रोग बरे करण्याचे दावे छापू देत नाही. एवढे सगळे बसवून उरलेल्या जागेत गावाची ओळख सांगायची असते.

भांगेच्या पाकिटाची अडचण याच्या नेमकी उलटी. आयुर्वेदिक औषधांच्या नियमांत भांग विषारी द्रव्यांच्या यादीत असल्याने अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. नोव्हेंबर 2021 मध्ये भांगेच्या बिया अन्न म्हणून चालतील असे ठरले, पण लेबलवर पानाचे चित्र काढायला मनाई राहिली. तिथे रेखाटनकाराला सर्वांत ओळखीची खूण टाळून माल ओळखीचा करायचा असतो. गुळवेलीला अशी बंदी नाही. ते हृदयाकृती पान ठळक छापता येते, आणि छापलेच पाहिजे.

शहापूरच्या गटाने पुढे सफेद मुसळी, जांभूळ, बेहडा, वावडिंग, शेवगा, कडुनिंब आणि आवळा अशा मालाचा विस्तार ठरवला. यांतल्या बहुतेकांची भुकटी दिसायला सारखीच. म्हणून गुळवेलीचे पाकीट हाती आले की ग्राहकाने शास्त्रीय नाव, बॅच क्रमांक आणि माल कोणत्या तालुक्यातला, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात, आणि तिसरी नसेल तर दुकानदाराला विचारावे.