आधी किती होती?

गिधाडे नाहीशी झाली, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण तसे म्हणता यावे यासाठी आधी ती किती होती हे कुणीतरी मोजून ठेवलेले असावे लागते. १९८०च्या दशकात गिधाडे मोजणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटावा इतकी ती मुबलक होती. गावाबाहेर ढोर पडले की थव्याने उतरायची, हाडे तेवढी ठेवून निघून जायची. त्यांचे ना कुणाला कौतुक, ना काळजी. तरीही राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात काही माणसे झाडाझाडाखाली फिरून त्यांची घरटी मोजत होती. १९८७-८८च्या हंगामात तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी भरली. १९९८-९९मध्ये उरली २०.

ही मोजदाद मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या शास्त्रज्ञांची. संस्थेचे नाव काढले की सलीम अली आठवतात, रविवारच्या निसर्गसहली आठवतात, शिवडीचे रोहित पक्षी आठवतात. दुर्मीळ प्राण्यांचे शोधही तिच्या नावावर आहेत. मात्र १४० वर्षांहून अधिक काळ या संस्थेने नेटाने केलेले काम त्याहून पुष्कळ रुक्ष आहे. किराणा दुकानदार रोजकीर्द लिहितो तसे तिने निसर्गाचे रोजचे लिहून ठेवले: काय दिसले, कुठे, कधी, किती. लिहिताना त्याचा उपयोग काय, हे बहुतेकदा लिहिणाऱ्यालाही माहीत नसते.

आठ जण आणि एक धनेश

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले. त्यात कस्टम खात्यातला एडवर्ड एटकेन हा खुसखुशीत लेखक होता, फुलपाखरांचा अभ्यासक कर्नल स्विनहो होता, आणि दोन मराठी डॉक्टर होते. डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी, डॉ. सखाराम अर्जुन हे वनौषधींचे जाणकार आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. महिन्यातून एकदा भेटावे, जमवलेले नमुने दाखवावेत, पाहिलेले सांगावे, एवढाच बेत होता.

पुढे हर्बर्ट फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या जागेत संस्थेला खोली दिली. संस्थेच्या जागेत कारवारहून आलेला एक धनेश, म्हणजे हॉर्नबिल, १८९४पासून १९२०पर्यंत नांदला. त्याचे नाव विल्यम. संस्थेच्या बोधचिन्हावर तो आजही आहे आणि लायन गेटसमोरच्या तिच्या इमारतीचे नाव ‘हॉर्नबिल हाउस’ आहे.

संस्थेला खरा आकार आला तो जानेवारी १८८६मध्ये सुरू झालेल्या जर्नलमुळे. त्यात मोठे शोधनिबंध असत, तशा शेवटी किरकोळ नोंदीही. कुणा चहामळेवाल्याने पाहिलेला साप, रेल्वे इंजिनीअरला पुलाखाली सापडलेले घरटे, जिल्हाधिकाऱ्याने टिपलेले फुलपाखरू. अशा एकट्यादुकट्या नोंदीला फारसा अर्थ नसतो. हजारो नोंदी तारीख-ठिकाणासह ओळीने लागल्या की कोणता जीव कुठवर पसरला होता याचा नकाशा उभा राहतो.

चिठ्ठीची किंमत

संस्थेच्या संग्रहात सव्वा लाखाच्या आसपास नमुने आहेत. निम्म्याच्या जवळपास कीटक, बाकी पक्षी, सस्तन प्राणी, साप, बेडूक. पक्ष्याचा नमुना करताना कातडे पिसांसकट सोलून घेतात, आत कापूस भरतात, पाय एकमेकांवर ठेवून दोऱ्याने बांधतात. त्या दोऱ्याला एक चिठ्ठी असते. जागा, तारीख, नर की मादी, मापे, गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी हरवली तर कपाटात उरते ते नुसते पेंढा भरलेले पाखरू.

आणि चिठ्ठी खोटी असेल तर? याचे उत्तर महाराष्ट्राच्या रानपिंगळ्याने दिले. या छोट्या घुबडाचे जगभरच्या संग्रहांत मोजून सात नमुने. त्यातले शेवटचे खरे १८८४चे, खानदेशातले, जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने गोळा केलेले. हा डेव्हिडसन बीएनएचएसच्या जर्नलमध्ये फुलपाखरांवर लिहिणारा. पण लंडनच्या संग्रहालयात आणखी एक नमुना होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नावाजलेल्या लष्करी अधिकाऱ्याचा. त्यावर लिहिलेले: १९१४, मांडवी, गुजरात. त्या चिठ्ठीवर विसंबून सलीम अलींसह अनेकांनी या पक्ष्याचा शोध घेतला. तो मिळाला नाही आणि नामशेष झाला असावा असे मानले जाऊ लागले.

अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. कातडे सोलण्या-भरण्याची हातोटी डेव्हिडसनची होती. माइनर्ट्झहागेनने त्याचाच पक्षी संग्रहालयातून पळवून, नव्याने भरून, स्वतःची चिठ्ठी अडकवली होती. तो नमुना बाद केल्यावर शोधाची दिशा बदलली, खऱ्या चिठ्ठ्यांच्या गावांकडे वळली. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, रानपिंगळा भरदिवसा झाडावर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. पुढे बीएनएचएसच्या पाहणीत तो मेळघाटातही आढळला, तर २०१४मध्ये तो मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसाच्या जंगलातही दिसला.

जुन्या नमुन्यांचे असे उपयोग जमवणाऱ्याच्या स्वप्नातही नसतात. १९११ ते १९२३ या काळात संस्थेने देशभर सस्तन प्राण्यांची पाहणी केली. सुरुवात खानदेशापासूनच झाली आणि अखेरीस सुमारे २५ हजार नमुने जमले. तेव्हा प्रश्न होता की कोणत्या जाती कुठे राहतात. आज अशाच जुन्या कातड्यांतून डीएनए काढता येतो. ब्रिटनमध्ये तर संग्रहातल्या अंड्यांच्या कवचावरून कळले की शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच १९४७च्या सुमारास अचानक पातळ झाले. डीडीटीच्या वापराचाही तोच काळ.

पायातले कडे

मेलेल्या पक्ष्याला चिठ्ठी, तर जिवंत पक्ष्याला कडे. बारीक जाळ्यात पक्षी पकडायचा, पंख मोजायचा, वजन करायचे, पायात ॲल्युमिनियमचे हलके कडे चढवायचे आणि सोडून द्यायचे. कड्यावर क्रमांक आणि इंग्रजीत मजकूर: बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा. शहराचे नाव बदलले, संस्थेने आपले बदलले नाही.

हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले १९५९मध्ये, आणि त्याला पैसा दिला जागतिक आरोग्य संघटनेने. कारण होता एक ताप. १९५७मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली. त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूच्या जवळचा निघाला. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तो इकडे आला असेल का, ही शंका. त्यासाठी पक्षी कुठून येतात आणि कुठे जातात हे कळणे गरजेचे होते. पक्ष्यांवरचा संशय सिद्ध झाला नाही, पण त्या निमित्ताने भारतात येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांच्या वाटा समजू लागल्या. तो ताप मात्र सरकत आला. गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात आता लोक त्याला ‘माकडताप’ म्हणून ओळखतात.

गिधाडांचा हिशेब

भरतपूरला घरटी ओस पडली तेव्हा संस्थेचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश यांच्याकडे तुलनेला स्वतःचेच जुने आकडे होते. १९९९मध्ये त्यांनी ते जर्नलमध्ये मांडले. मग दुसरे दफ्तर उघडले गेले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला देशातल्या अनेक रस्त्यांवरून गाडीने जात शिकारी पक्षी मोजले गेले होते. त्याच रस्त्यांवर पुन्हा मोजणी झाली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे निघाले.

आधी संशय साथीच्या रोगावर होता. २००४मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनाने गुन्हेगार दाखवला: डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखण्यावरचे साधे औषध. आजारी जनावराला ते दिले आणि जनावर मेले, तर ते खाणाऱ्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, युरिक आम्लाचे पांढरे थर आतड्या-काळजावर बसतात आणि काही दिवसांत पक्षी मरतो. शंभरात एकाहूनही कमी कलेवरांत हे औषध असले तरी सगळी जात कोसळू शकते, कारण एकाच कलेवरावर अनेक गिधाडे तुटून पडतात आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते.

जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय पुढे आला. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जातात हे दिसल्यावर २०१५मध्ये कुपीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला गेला. २०२३मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवरही बंदी घातली गेली. हरियाणातल्या पिंजोरला संस्थेने पिंजऱ्यात गिधाडांची पैदास केली. तिथले पक्षी २०२४मध्ये पेंच आणि ताडोबात आणले गेले.

कायदा बदलायला नोंदी लागतात, याचा संस्थेला जुना अनुभव होता. १९५१च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी-वन्यपक्षी संरक्षण कायद्यामागे संस्थेचे हुमायून अब्दुलअली होते. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवरही त्यांनी १९८५मध्ये जर्नलमध्ये सविस्तर लिहिले. १९८७मध्ये ती निर्यात थांबली.

चिठ्ठीवर नसलेली नावे

या कामाला एक जुनी उणीव चिकटलेली आहे. सुरुवातीचे बरेचसे सदस्य शिकारी होते, नमुना म्हणजे गोळी घातलेला प्राणी. आणि चिठ्ठीवर नाव साहेबाचे. बीळ दाखवणाऱ्या, पक्ष्याचा आवाज ओळखणाऱ्या स्थानिक माणसाचे क्वचितच. जेर्डनचा धाविक हा आंध्रातला पक्षी १९००नंतर कुणा अभ्यासकाला दिसला नव्हता. बीएनएचएसचे भारत भूषण कडप्प्याच्या परिसरात त्याचे चित्र गावकऱ्यांना दाखवत फिरले आणि जानेवारी १९८६मध्ये ऐतन्ना नावाच्या स्थानिक शिकाऱ्याने रात्री तो जिवंत पकडून आणला. पक्षी रात्रीचा, अभ्यासक शोधत होते दिवसा. या शोधात ऐतन्नाचे नाव टिकले, एवढे तरी बदलले.

आता नोंद करणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. दर जानेवारीत होणाऱ्या पाणपक्षी गणनेत महाविद्यालयीन मुले, बँकेतले निवृत्त, गृहिणी तळ्याकाठी उभे असतात. संस्थेचा सहभाग असलेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३चा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी निरीक्षणांवर उभा राहिला. ९४२ जातींचा आढावा घेऊन त्याने १७८ जातींना तातडीने संरक्षण हवे असे सांगितले. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठही बारा वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे त्यातून दिसले. तारेवर बसलेला तो अजून दिसतो, म्हणून घट कुणाच्या लक्षात आली नव्हती.

अडचण पैशाची आहे आणि ती वेळेशी बांधलेली आहे. अनुदान मिळते दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पाला. घट कळायला लागतात वीस-तीस वर्षे. रस्ता, पूल, विमानतळ यांच्या निमित्ताने होणाऱ्या अभ्यासाला निधी असतो, पण तो बहुधा प्रकल्पवाल्याचा आणि जागा वापरात येण्याच्या तोंडावर मिळालेला. जिथे काहीच होऊ घातलेले नाही अशा माळावर दरवर्षी टिटव्या मोजायला पैसे देणारा सापडत नाही. पुढे त्याच माळावर प्रकल्प आला आणि जनसुनावणीत कुणी हरकत घेतली, की पहिला प्रश्न येतो पुराव्याचा. तो नसेल तर जाणकाराची तळमळही हवेत विरते.

म्हणून या कामात सामान्य माणसाला जागा आहे आणि त्यासाठी दुर्मीळ पक्षी ओळखता यावा लागत नाही. गावचे तळे, घरामागचा ओढा किंवा सोसायटीतली चार झाडे निवडावीत. दर महिन्याला ठरल्या वेळी तेवढेच अंतर चालावे. कावळे, साळुंक्या, चिमण्यासुद्धा मोजाव्यात, तारीख घालावी, आणि ज्या दिवशी एकही दिसली नाही त्या दिवशीही तसे लिहावे. दहा वर्षे हे केले तर त्या तळ्याविषयी तुमच्याइतके ठामपणे बोलू शकणारा दुसरा माणूस जिल्ह्यात सापडणार नाही.