दम मोजावा कसा?

मंडळी, मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. पोरांचा दम दांडगा, असे आपण सहज म्हणतो. पण हा दम मोजतात कसा?

धावताना स्नायूंना प्राणवायू लागतो. वेग वाढेल तसा त्याचा खप वाढतो. पुढे मात्र कितीही जोर लावा, खप वाढत नाही. ही त्या माणसाची कमाल मर्यादा. १९२३ साली हिल आणि लप्टन या शास्त्रज्ञांनी ती दाखवून दिली. प्रयोगशाळेत माणसाला फिरत्या पट्ट्यावर धावायला लावून, तोंडाला मुखवटा बांधून उच्छ्वासाची हवा तपासतात. मुखवटा गळका असला, यंत्र आधी पडताळले नसले किंवा धावणारा लवकर थांबला, तर आकडा चुकतो.

गुरुजी, शाळेत हे यंत्र कुठून येणार? १९६८ साली डॉ. कूपर यांनी बारा मिनिटांच्या धावेचा उपाय सांगितला. २,४०० मीटर धावणाऱ्याचा दम किलो वजनामागे मिनिटाला सुमारे ४२ मिलिलिटर प्राणवायू, असा हिशेब निघतो. पण हा हिशेब अमेरिकन वायुदलातील जवानांवरून केलेला. मुलांच्या बाबतीत तो ढोबळ अंदाजच समजावा. मैदान फितीने मोजा आणि सकाळच्या गारव्यात धाववा.

एक मात्र विसरू नका. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचा आजार आहे. अशा मुलाला डॉक्टरांना विचारल्यावाचून दम तुटेपर्यंत पळवू नका. चुकलेला आकडा उद्या पुन्हा घेता येईल.