शेवटचा हात

सुरत शहर मागे टाकून, तापी ओलांडून हजिऱ्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात इच्छापोर येते. एके काळचे हे शेतीवाडीचे गाव आज कारखान्यांच्या उंबरठ्यावर उभे आहे. पुढे हजिऱ्याला खत, वायू, पोलाद आणि अवजड यंत्रे यांचे अवाढव्य कारखाने आहेत. १९८० नंतरच्या दशकात त्यांची उभारणी सुरू झाली आणि तेव्हापासून या रस्त्यावरून मालमोटारींची ये-जा रात्रंदिवस चालू आहे. इच्छापोरच्या औद्योगिक वसाहतीत हिरे व जडजवाहिरांच्या उद्योगासाठी स्वतंत्र विभागही आहे. परंतु मी आज सांगणार आहे ती हकिगत हिऱ्याची नव्हे. करंगळीएवढ्या जाडीच्या एका मोडक्या बोल्टाची आहे.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या बाजूच्या एका शाळेतील कार्यक्रम आटोपून मी परतत होतो. रस्त्याकडेच्या एका गॅरेजातून "सर! सर!" अशी हाक आली. पाहतो तो माझा एक जुना विद्यार्थी. वडील खानदेशातून कामाच्या शोधात सुरतेस आले, ताप्तीकाठच्या रेल्वेने आलेल्या आपल्या असंख्य माणसांप्रमाणे इथलेच झाले. मुलाने कर्ज काढून एक ट्रक घेतला आणि तो स्वतःच चालवू लागला. त्या दिवशी मात्र त्याच्या चेहऱ्यावरची रया गेली होती. ट्रकचे तोंड उघडे पडले होते आणि एकोणीस-वीस वर्षांचा एक मदतनीस मुलगा मान खाली घालून उभा होता.

"सर, उद्या पहाटे माल भरायचाय आणि या पोरानं बोल्ट तोडला. गाडी उभी राहिली तरी हप्ता काही उभा राहत नाही. आप्पा, नुकसान याच्या पगारातून कापा!"

आप्पा म्हणजे गॅरेजचे वृद्ध मिस्त्री, तेही धुळ्याकडचेच. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी मला बाकावर बसायला सांगितले आणि चहा मागविला.

प्रकार असा झाला होता. इंजिनाच्या सिलिंडरांतून जळका धूर गोळा करणारी जी बिडाची जाडजूड नळी असते, तिला मॅनिफोल्ड म्हणतात. ती सिलिंडर हेडला बोल्टांनी घट्ट आवळलेली असते. टोकाच्या सिलिंडरपाशी मधले गॅस्केट जळून धूर फुटू लागला होता, म्हणून ती उतरवायची होती. बाकीचे बोल्ट निघाले. टोकाचा एक काही केल्या हलेना. मुलाने पान्याच्या दांड्याला लांब पाईप लावला आणि अंगाचा भार टाकला. दांडा तिप्पट लांब झाला की तेवढ्याच बळाने पीळही तिप्पट बसतो. "टक्" असा आवाज झाला. बोल्टाचे डोके पान्यासह हातात आले आणि उरलेला तुकडा हेडच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट तुटून आत आट्यांत अडकून राहिला. पकडीत धरायला नखभरही बाहेर उरले नव्हते.

मॅनिफोल्ड उतरवून झाल्यावर आप्पांनी तुटलेला तुकडा रॉकेलमध्ये धुतला, कापडाने पुसला आणि तुटलेली बाजू उन्हाकडे धरून बराच वेळ न्याहाळली. मग तो ट्रकमालकाच्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, "बोल्ट या पोरानं तोडला नाही. शेवटचा हात याचा होता, एवढंच."

मीही चष्मा सावरून पाहिले. तुटलेल्या गोलाचा अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत आणि काजळीने काळवंडलेला होता. त्यावर समुद्रकाठच्या शिंपल्यावर असतात तशा बारीक वर्तुळाकार रेषा होत्या. उरलेला कोरीएवढा भाग तेवढा खडीसाखरेसारखा रवाळ आणि लख्ख. "हा चकाकतोय तेवढाच आज तुटला," आप्पा सांगू लागले. "काळा भाग आधीच फाटलेला होता. काजळी एका दिवसात बसत नाही, गुरुजी. किती महिने तो असा उभा होता, देव जाणे."

असे का व्हावे? मी शाळेत मराठी शिकविणारा माणूस. आप्पांकडून ऐकलेले आणि पुढे पुस्तकांतून पडताळलेले येथे सांगतो. बोल्टाच्या डोक्यावर पुष्कळदा '८.८' असा आकडा कोरलेला असतो. त्यातल्या पहिल्या आठाचा अर्थ असा की, त्या पोलादाचा दर चौरस मिलिमीटर तुटण्यापूर्वी सुमारे ८०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ८० किलो वजनाचा ताण सोसतो. या हिशेबाने १० मिलिमीटर जाडीचा साधा बोल्ट साडेचार टनांहून अधिक ओढ सहन करील. एवढा बलवान गडी एका झटक्यात सहसा मोडत नाही. त्याला मोडते ते रोजचे थोडे थोडे. इंजिन चालू झाले की मॅनिफोल्ड शेकडो अंशांनी तापतो. बंद झाले की निवतो. बिडाचा एक मीटर लांबीचा तुकडा ५०० अंशांनी तापला तर पाच-साडेपाच मिलिमीटर वाढतो. हेड मात्र पाण्याने थंड राखलेले असल्याने फारसे वाढत नाही. ही सारी ओढाताण सर्वांत जास्त सोसतात ते दोन टोकांचे बोल्ट. आट्याच्या पहिल्या फेऱ्याशी, जिथे ताण एकवटतो तिथे, केसाएवढी चीर पडते आणि प्रत्येक तापण्या-निवण्यासरशी ती किंचित पुढे सरकते. त्यात इथला खाडीवरचा खारा वारा. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. आट्यांमध्ये तो फुगून बसला की बोल्ट जणू बिडात चिणला जातो.

लोखंडाच्या या थकव्याची ओळख जगाला फार मोठी किंमत देऊन झाली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढून पेटले आणि पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली. दक्षिण ध्रुवाकडची सफर करून सुखरूप परतलेले दर्यावर्दी द्युमाँ द'उर्व्हिल त्यांतच सहकुटुंब गेले. पुढे प्रशियातील रेल्वेचे अभियंते ऑगस्ट व्योलर यांनी १८७० पर्यंत वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवून दिले की, एकदा दिला असता सहज सोसवेल असा भारही लाखो वेळा आलटून पालटून दिला तर पोलादाला मोडतो. आप्पांनी व्योलरचे नावही ऐकलेले नाही. पण तुटलेला चेहरा वाचण्याची विद्या त्यांच्या डोळ्यांत होती.

आता प्रश्न होता तुकडा काढण्याचा. मालकाने घाईघाईने सुचविले, "इझीआउट लावा ना!" हे उलट्या आट्यांचे, कठीण पोलादाचे हत्यार असते. तुटक्या बोल्टात मध्यभागी भोक पाडायचे, त्यात ते ठोकायचे आणि डावीकडे फिरवायचे. आप्पांनी मान हलविली. "जे पाईप लावून निघालं नाही, ते या काडीनं निघेल? हीच आत मोडली, तर तिला साधं ड्रिल लागत नाही. मग हेड उतरवा, कारखान्यात न्या, ठिणगीच्या यंत्रावर जाळून काढा. दोन दिवस गेले समजा." सरसकट भोक पाडण्यातही धोका होता. बोल्टाचे पोलाद कठीण आणि भोवतालचे बीड त्या मानाने मऊ; ड्रिलचे टोक जरा सरकले की ते मऊ बाजूला पळते आणि हेडचे आटे खाऊन टाकते.

म्हणून आप्पांनी सर्वांत संथ मार्ग धरला. तारेच्या ब्रशाने जागा स्वच्छ केली, गंज सोडविणारे पातळ तेल थेंब थेंब सोडले आणि लहान हातोडीने हलके हलके ठोके देत राहिले. ठोक्यांनी गंज भेगाळतो आणि तेलाला वाट मिळते. मग तासभर काहीच केले नाही. मालक येरझाऱ्या घालीत होता. आप्पा म्हणाले, "तेलाला घाई सांगून चालत नाही."

याच तासात तो मुलगा माझ्यासाठी चहाचा दुसरा पेला घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "सर, मला ओळखलं नाही ना? मी नववीत होतो तुमच्याकडे."

मला क्षणभर काही सुचले नाही. मग आठवला तो दाखला. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'प्रगती असमाधानकारक' असे लिहिलेले होते आणि खाली सही माझी होती. त्या वर्षी त्याच्या वडिलांचे मागावरचे काम सुटले होते, कुटुंबाने दोनदा घर बदलले होते, त्याच्या वर्गाला एकाच वर्षात गणिताचे तीन शिक्षक आले नि गेले होते. हे सारे मला तेव्हाही तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होते. एकत्र ठेवून मी ते कधी पाहिले नव्हते. वार्षिक निकाल आला, मी सही केली. मुलगा माझ्या सहीने तुटला नव्हता. पण शेवटचा हात माझा होता.

"राग नाही ना रे माझ्यावर?" मी विचारले.

"राग कसला, सर," तो म्हणाला आणि पेला घेऊन गेला.

तासाभराने आप्पांनी बॅटरीच्या तारा सोडविल्या, म्हणजे वेल्डिंगच्या विजेने गाडीतील नाजूक उपकरणे बिघडू नयेत. तुटक्या बोल्टावर एक जाड नट नेमका मध्यावर धरला आणि नटाच्या पोकळीतून आतल्या तुकड्यावर वेल्डिंग केले. या युक्तीत दोन्ही कामे साधतात. पोलादाला पोलाद चिकटते, पण साध्या वेल्डिंगच्या काडीचा रस बिडाला नीटसा धरत नाही, म्हणून हेड बचावते. आणि त्या प्रखर उष्णतेने बोल्ट फुगून, पुन्हा निवताना आकसून गंजाची पकड मोडते. पहिला नट फिरविताच उखडून आला. दुसराही आला. मालकाने कपाळाला हात लावला. आप्पांनी शांतपणे तिसरा नट घेतला. या वेळी लाली ओसरेपर्यंत थांबून त्यांनी पाना त्या मुलाच्या हाती दिला.

"तू काढ. पाईप नको. आधी जरा पुढे, मग मागे. पुन्हा पुढे. अडलं की थांब, तेल सोड."

मुलाचा हात थरथरत होता. पाव फेरा मागे, तितकाच पुढे. काही वेळाने आतून एक बारीक कुरकुर ऐकू आली. "आलं," आप्पा म्हणाले. एकेक आटा फिरत, तपकिरी भुगा सांडत, तो तुकडा बाहेर आला. हेडचे आटे शाबूत होते. मालकाने तो तुकडा उचलून खिशात घातला. पगार कापण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आट्यांतून टॅप फिरवून ते साफ केले, नवे गॅस्केट बसविले, सर्वच बोल्ट नवे घेतले. "एक थकला, म्हणजे त्याचे भाऊबंदही थकलेच असणार," असे आप्पांचे म्हणणे. आवळण्याचे कामही त्यांनी मुलाकडूनच करवून घेतले: मधल्या बोल्टांपासून टोकांकडे, एका दमात नव्हे तर टप्प्याटप्प्याने, आणि ठरावीक जोर येताच आवाज करणाऱ्या टॉर्क पान्याने. शेवटच्या बोल्टाला "टक्" असा आवाज झाला, तेव्हा मी दचकलो. मुलगा हसला. "हा चांगला टक् आहे, सर. पुरे, असं सांगतो."

रात्री साडेनऊला इंजिन सुरू झाले. धूर जिथून निघावा तिथूनच निघत होता.

परतताना मला श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कलाभवनाची आठवण झाली. १८९० साली बडोद्यास ते स्थापन झाले तेव्हा या सुरतेचेच सुपुत्र प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख होते आणि यंत्रविद्या देशी भाषांतून शिकवावी असा तेथील आग्रह होता. आप्पांनी त्या मुलाला लोखंडाचा थकवा आपल्या भाषेत दहा मिनिटांत समजावला. माझ्या शाळेत त्याला नऊ वर्षांत काय समजले, हे मी विचारले नाही. दहावीची परीक्षा बाहेरून देता येते, एवढे मात्र त्याला सांगून आलो. "बघू, सर," एवढेच तो म्हणाला.

तेव्हापासून माझ्या कार्यालयात एक लहानसा बदल झाला आहे. शाळा सोडल्याचा दाखला सहीसाठी समोर आला की मी लिपिकाला त्या विद्यार्थ्याचे मागील तीन वर्षांचे हजेरीपट आणून ठेवायला सांगतो. त्याला हे काम वाढल्यासारखे वाटते. हजेरीपट मी सावकाश वाचतो. मग मुलाला आणि त्याच्या पालकांना बोलावतो. आणि सही त्यानंतर करतो.